डायलवरचं कुंकू

माझ्या दोरीवरचे कपड्यांचे चिमटे नाहीसे व्हायला लागले. आधी मी कावळ्यांना शिव्या दिल्या. मग एका दुपारी मागच्या अंगणात डोकावले, तर अप्पा पाटावर बसलेले, समोर माझी भावजय पदर खोचून उकिडवी बसलेली, आणि अप्पांच्या बोटांत माझा निळा चिमटा.

"हें चिमटा म्हणजे बसचे मागचे चाकाचं ब्रेकाचं स्प्रिंग," अप्पा आमच्या तंजावरी मराठीत तिला सांगत होते. "कोणी हात लावला नाहीं तर काय करते? धरून बसते. बोटानें दाबलों कीं सोडते. हें बोट म्हणजे हवा. कळलं कां?"

"कळलं मामंजी."

"बोट थकलं, हवा गेली. मग?"

तिने चिमटा घेतला, आपल्या साडीच्या काठाला लावला आणि बोटं सोडली. "धरते," ती म्हणाली. "हवा गेली तर ब्रेक जात नाहीं. ब्रेक लागते."

"अस्सं! शाणी माझी," अप्पा म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चिमटे माझे, अप्पा माझे, आणि शाणी ती! मी त्यांची थोरली मुलगी. इतक्या वर्षांत 'शाणी माझी' हे दोन शब्द मला कधी मिळाले नव्हते. मिळाले असते तर मी विसरले नसते.

अप्पांनी सगळी नोकरी सरकारी बस चालवण्यात काढली. कुंभकोणम ते तंजावूर, आणि कुंभकोणमहून जाता येईल तिथवर सगळीकडे. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना, म्हणून त्यांच्या जुन्या दोस्ताच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सकाळी जाऊन बाकावर बसायचे आणि शिकणाऱ्यांच्या चुका मोजायचे. घरात मात्र कधी क्लचचं नाव नाही. मी माझी व्हॅन चालवून आले की एवढंच विचारायचे, "मुलं उतरलीं कां सगळीं?"

ती व्हॅन माझं पोट होतं. नवरा आजारपणात गेला तेव्हा मी माहेरी आले, घराची एक बाजू घेतली, हलक्या वाहनाचं लायसन्स काढलं आणि एका शाळेची मुलं ने-आण करायला लागले. सगळं सुरळीत चाललेलं असताना शाळेने ठरवलं, की व्हॅन बंद, आता एकच मोठी बस. शाळेचे करस्पाँडंट, म्हणजे व्यवस्थापक, म्हणाले, "अम्मा, हेवी लायसन्स आणा, बस तुमची. नाही तर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल." माणूस वाईट नाही, पण बोलला तसं करणारा आहे.

त्याच सुमारास माझ्या धाकट्या भावाने एक जुनी टूरिस्ट बस घेतली होती, नवग्रहांच्या देवळांना यात्रेकरू फिरवायला. ड्रायव्हर टिकेनात. एक जण राहूला सोडून गेला तो केतूपर्यंत आलाच नाही. तेव्हा भावजय म्हणाली, मीच चालवते. तिचं माहेर सुंदरपेरुमाळ कोयिल गावचं, बापाचा ट्रॅक्टर शेतात फिरवून मोठी झालेली. भाऊ हसला, पण अप्पा हसले नाहीत. अप्पांनी दुसऱ्याच दिवशी आम्हा दोघींची नावं दोस्ताच्या स्कूलमध्ये घातली. इथपर्यंत सगळं बरोबरीचं होतं.

मग दुपारच्या शिकवण्या सुरू झाल्या, त्या फक्त तिच्या. मला अप्पा म्हणाले, "तुला काय, तूं व्हॅन चालिवतेस." झालं. प्रकरण संपलं.

माझ्या स्वयंपाकघराची खिडकी मागच्या अंगणात उघडते. मी दुपारची भांडी त्याच वेळेला घासायला लागले. नळ बारीक ठेवायचा, मिक्सर लावायचा नाही, पाठ खिडकीकडे करायची आणि कान मागे लावायचे. असं मी शिकत होते. गच्चीवरच्या टाकीचा दाखला देऊन अप्पा तिला सांगत, की इंजिन चालू असलं की कॉम्प्रेसर हवा भरतो, जशी मोटर पाणी भरते. टाकी भरली की मोटर बंद करायला आपण धावतो. बसमध्ये धावावं लागत नाही, गव्हर्नर नावाची वस्तू आपोआप थांबवते आणि जादा हवा फस्सकन बाहेर टाकते. हवा कमी असली तर बझर ओरडतो. तो ओरडत असताना गाडी हलवायची नाही, कोणी कितीही हॉर्न वाजवो. उतारावर ब्रेक दाब-सोड, दाब-सोड करायचा नाही, दर वेळी हवा खर्च होते. रोज हवेच्या टाकीखालची कडी ओढून साचलेलं पाणी काढायचं. त्या पाण्यामुळे आतले व्हॉल्व्ह गंजतात.

ती सगळं घोकायची. चुकली तर अप्पा रागावत नसत! ज्या अप्पांनी मला सायकल शिकवताना, एकदा पडले म्हणून, दोन दिवस अबोला धरला होता, ते अप्पा तिला तांदळाच्या पिठाने फरशीवर ब्रेकचा ड्रम काढून दाखवत. मध्ये इंग्रजी एस अक्षरासारखा दांडा. तो फिरला की दोन्ही बाजूंचे शू, म्हणजे ब्रेकच्या कमानीसारख्या पट्ट्या, पसरतात आणि ड्रमला आतून घासतात. सकाळी दारात रांगोळी तीच घालायची आणि दुपारी तिच्याच डब्यातल्या पिठाचे अप्पा शू काढायचे. मला पिठाचासुद्धा हेवा वाटला, सांगते.

बरं, ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं. संध्याकाळी माझ्या दाराशी यायची. "अक्का, हवेचं काटा उतरला म्हणजे गळते, तें कळलं. पण कितीं उतरला तर चालते? तुम्हांस ठाऊक कां?"

"तुझे मामंजीला विचार," मी म्हणायचे.

ती खरोखरच जाऊन विचारायची.

आणि मला सगळ्यात जास्त कशाचं लागत होतं, ते सांगते. मी लहान असताना शाळेला सुट्टी असली की अप्पा मला डेपोत न्यायचे. ड्रायव्हरच्या शेजारी इंजिनावरचं जे गरम झाकण असतं त्यावर गोणपाट टाकून मला बसवायचे. सकाळी बस सुरू केली की ते डायलकडे बघायचे आणि मी डोळे मिटून बसायचे. इंजिनाचा आवाज हळूहळू जड होत जायचा, आणि मग खालून फस्स! मी ओरडायचे, "भरलं, अप्पा!" कंडक्टर हसायचे. अप्पा काही बोलायचे नाहीत, पण मी 'भरलं' म्हटल्याशिवाय बस हलवायचे नाहीत. म्हणजे निदान माझी तशी समजूत होती.

खंडेनवमीला, म्हणजे आयुधपूजेच्या दिवशी, तर डेपोत माझा थाट असायचा. ड्रायव्हरच्या घरच्या मुलीने बसला गंध-कुंकू लावायचं. ताट माझ्या हातात. चाकं, स्टिअरिंग, हेडलाइट. लग्न झाल्यावरही त्या दिवशी मी माहेरी यायचे ते त्या ताटासाठी. नवरा गेल्यावर ते थांबलं. कोणी मला नको म्हटलं नाही. कोणी ये पण म्हटलं नाही. आमच्याकडे अशा गोष्टी बोलून होत नाहीत.

टेस्टची तारीख नेमकी आयुधपूजेला लागून आली. सुट्ट्या संपल्या की पहिल्याच कामाच्या दिवशी. तिरुवलंचुळीच्या रस्त्याला स्कूलची शेड आहे. तिथे शिकवणीची जुनी बस धुऊन, दोन बाजूंना केळीचे खांब बांधून उभी केली होती. दोस्ताने मानाने अप्पांना पुढे केलं. अप्पांनी ताट उचललं. गंधाची वाटी, कुंकू, झेंडू, कापूर. मी मुद्दाम पुढेच उभी होते. नवी साडी नेसले होते. म्हटलं, आता मी स्वतःच ड्रायव्हर होणार आहे, आता तरी.

अप्पांनी ताट भावजयीच्या हातात दिलं.

तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि काय लावलं! हात आखडता घेणं तिच्या स्वभावात नाही. चाकांना अप्पमाएवढे गंधाचे गोळे, त्यावर कुंकू. स्टिअरिंगला, गिअरला, ब्रेकच्या पेडलला. शेवटी हवेच्या डायलच्या काचेवर, बरोब्बर मधोमध, घट्ट गंधाचा थापा आणि त्यात अंगठ्याने दाबून कुंकू. "डोळ्यासारखें दिसते अक्का, म्हणून लाविली," मला आनंदाने म्हणाली. मी फक्त मान हलवली. काचेवर लावू नये हे मला सुचलंही नाही, आणि सुचलं असतं तरी मी बोलले असते असं नाही.

पूजेचं गंध-कुंकू आमच्याकडे कोणी काढत नाही. ते आपोआप वाळून पडतं. लॉऱ्यांवर पोंगलपर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, टिकतं.

टेस्टच्या मैदानावर स्कूलची तीच बस नेली. आम्ही दोघीच बायका. बाकीचे पुरुष आमच्याकडे बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. अप्पा कडुनिंबाखाली उभे, हात मागे बांधून. मोटार निरीक्षक चष्मा लावलेले, घाईत असलेले गृहस्थ. भावजयीचा नंबर आधी, मग माझा. त्यांनी मलाही आत, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसायला सांगितलं, म्हणजे वेळ वाचेल.

तिने आठचा आकडा सुरेख काढला. रिव्हर्स घेतली. पुरुषांच्या कोपरखळ्या थांबल्या. मग निरीक्षक तमिळमध्ये म्हणाले, "इंजिन बंद करा. ब्रेक दाबून धरा. हवा गळते का, डायल बघून सांगा."

तिने इंजिन बंद केलं, पाय दाबून धरला आणि डायलकडे बघितलं. डायलवर तिचा डोळा होता. वाळून कडक झालेला. खालचा काटा कुठे आहे ते देवाला माहीत.

"किती आहे?"

ती काचेजवळ वाकली.

"अहो, ते पुसा आणि बघा," निरीक्षक म्हणाले.

तिचा हात वर गेला आणि काचेपासून वीतभर अंतरावर थांबला. मी मागून बघत होते. तिच्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. नवऱ्याच्या नव्या धंद्यासाठी गाडी चालवायला निघालेली सवाशीण, स्वतःच्या हाताने लावलेलं कुंकू स्वतःच्या हाताने पुसणार, तेही खिडकीबाहेर सासरे उभे असताना! निरीक्षकांना ते कळणं शक्य नव्हतं. त्यांनी घड्याळ बघितलं. "येत नसेल तर सांगा. पुढच्या महिन्यात या."

खोटं कशाला सांगू, मला क्षणभर बरं वाटलं. छातीत थंडगार, उन्हातून आल्यावर माठाचं पाणी प्यावं तसं. शाणी माझी! सांग आता. अप्पांनी कडुनिंबाखालून दोन पावलं पुढे टाकली होती आणि तिथेच थबकले होते.

आणि मग मला पुढचा महिना दिसला. ही नापास होणार. रोज दुपारी पुन्हा तो पाट, तो चिमटा, तो पिठाचा ड्रम. अप्पा तिची समजूत काढणार, ती रडणार, अप्पा तिच्यासाठी स्वतः उठून कॉफी करणार. आणखी एक अख्खा महिना मी नळ बारीक करून भांडी घासत ते ऐकणार. ते माझ्याने झालं नसतं.

मी उठले, तिच्या खांद्यावरून वाकले आणि पदराचं टोक ओलं करून काच खसाखसा पुसली. माझं पुसून झालेलंच होतं.

काटा दिसला. भावजयीने एकदा माझ्याकडे बघितलं, मग काट्याकडे. आवाज सावरून तिने बरोबर आकडा सांगितला, काटा फारसा हलत नाही हेही सांगितलं. निरीक्षकांनी कागदावर खूण केली.

माझा नंबर आला. आठचा आकडा, रिव्हर्स, सगळं झालं. मग तेच: इंजिन बंद, ब्रेक दाबून धरा. मी पाय दाबला आणि सवयीने डोळे मिटले. इंजिन बंद झाल्यावर बस अगदी मुकी होते. त्या शांततेत मागच्या डाव्या चाकाकडून अगदी बारीक, कोणी झोपेत श्वास सोडावा तसं, सूं ऐकू आलं.

"डायल बघा," निरीक्षक म्हणाले.

"मागे डावीकडे थोडं गळतंय सर," मी म्हटलं. "फार नाही. वायसर बदलावा लागेल."

त्यांनी वाकून डायल बघितला, खाली उतरले, मागे जाऊन कान लावला, परत आले आणि खूण केली. पास.

परतताना भावजय बस चालवत होती, आणि तिच्या शेजारच्या सीटवर अप्पा. मी मागे लांब बाकावर, पदराला लाल डाग घेऊन. दोघांच्या पाठी बघत मी तिरुवलंचुळीपर्यंत सोसलं. मग मला राहवेना.

"अप्पा," मी मागून ओरडले, "तिला शिकिवलात. मला कां नाहीं?"

अप्पा वळले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं, आणि त्याचा मला जास्तच राग आला.

"तुला कशास शिकिवूं? तुला येते. येवढीशी होतीस, बॉनेटावर बसून हवा भरलेलं सांगत होतीस. मी डायल बघून, पुन्हा तूं म्हणसतंवर थांबत होतों. तुला काय शिकिवणार मी?"

"येते त्यास शिकिवूं नये म्हणून कोठें आहे?"

भावजय आरशातून माझ्याकडे बघत होती, आणि एका म्हशीसाठी तिने इतका जोरात ब्रेक मारला की आम्ही सगळे पुढे झुकलो.

"आणि ताट?" मी म्हटलं. "ताट धरायास पण येते मला."

यावर अप्पांनी तोंड पुन्हा रस्त्याकडे केलं. त्यांच्या मानेची शीर तेवढी दिसत होती. घरी पोचल्यावर मी साडी भिजत घातली. गंध गेलं, कुंकू राहिलं.

लायसन्सं आली. भावजय शनिवार-रविवारी यात्रेकरूंना घेऊन जायला लागली. ती नऊच्या नऊ ग्रह एका दिवसात करून आणते, अप्पा गल्लीभर सांगत फिरत. ऐकून माझं डोकं उठायचं.

शाळेची बस आली त्या सकाळी मी एकटीच शाळेच्या मैदानावर गेले. पिवळीधमक, सीटवरचं प्लास्टिकही न काढलेली. चारी चाकांखाली लिंबं ठेवत होते, तेवढ्यात भावाच्या स्कूटरवरून अप्पा उतरले. मागून भावजय रिक्षातून, ताट सांभाळत. ताटात गंध, कुंकू, झेंडू. मी मनाशी म्हटलं, झालं, आता माझ्या बसलाही हीच लावणार.

अप्पांनी तिच्याकडून ताट घेतलं. मग तिचे दोन्ही हात सवयीने पुढे आले, ताट परत घ्यायला, आणि अप्पांनी ते माझ्यापुढे धरलं.

"लाव," म्हणाले. "डायल तेवढं सोड."

भावजयीचे हात तसेच हवेत राहिले. मग तिने ते हळूच खाली घेतले आणि पदराशी चाळा करायला लागली. तिचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मला चांगला ओळखीचा होता, मी महिनाभर घासलेल्या ताटांत तोच बघत होते. ये, दोघी लावूया, असं म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. मी प्रत्येक चाकाला सावकाश गंध लावलं, त्यावर कुंकू, आणि तिला उन्हात उभं ठेवलं.

मग वर चढले. इंजिन सुरू केलं. बझर ओरडायला लागला. शेजारच्या सीटवर अप्पा येऊन बसले, गुडघ्याला हात लावून, कण्हत. बझर थांबला. काटा चढत होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते. आवाज जड झाला, आणखी जड झाला, आणि खालून फस्स.

"भरलं," अप्पा म्हणाले.

मला ऐकू आलं होतंच. तरी मी हँडब्रेकला हात लावला नाही.

"कसं कळलं अप्पा?" मी म्हटलं. "मला कांही ठाऊक नाहीं. आरंभापासून सांगा."

अप्पांनी शर्टाच्या खिशात हात घातला आणि माझा निळा चिमटा बाहेर काढला.

"हें बघ," म्हणाले.